देणाऱ्याचं नाव

भांड्यावर नाव घालायच्या धंद्यात एकच नियम पाळायचा, असं रंगाकाकांना त्यांच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घेणाऱ्याचं नाव एक वेळ चुकलं तरी चालेल, देणाऱ्याचं चुकता कामा नये. घेणाऱ्याच्या तर घरातच असतं भांडं, त्याला नाव कशाला पाहिजे? देणारा लांब असतो. त्याची आठवण राहावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

रंगाकाका म्हणजे श्रीरंग दोडे. बार्शीच्या भांडी गल्लीत दोशी शेठच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून, मांडीत पातेलं धरून, ते घर्र करणारं विजेचं पेन चालवत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. लग्नसराईत दिवसाला दीड-दीडशे भांडी. 'चि. सौ. कां. अलकनंदा हिस, मामा-मामींकडून.' अक्षर असं की लोक दुसऱ्या दुकानातून भांडी घेऊन नाव घालायला यांच्याकडे यायचे, आणि दोशी शेठ नुसता जळफळायचा. त्या घर्रघर्रीत गिऱ्हाईक कोण, कुणाची मुलगी, कुठल्या गावी दिली, सगळं बोलून व्हायचं. नाव घालायला तीन मिनिटं लागायची आणि माणूस अर्धा तास बसायचा.

मग ठावकण आला.

ठावकण म्हणजे काय, हे कळायला फार शिकावं लागत नाही. तिळाहून लहान एक चकती. तिच्यात बॅटरी नाही. फोनच्या, टीव्हीच्या, वायफायच्या लहरी आपल्या आजूबाजूला अहोरात्र वाहत असतात. त्यातल्या चिमूटभर लहरींवर ही चकती जागी होते आणि आपला नंबर पुटपुटते. तो नंबर जवळचा कुठलाही फोन, रस्त्यावरचा कुठलाही दिवा ऐकतो आणि पुढे कळवतो. धातूच्या पोटात लहरी गुदमरतात, म्हणून भांड्याच्या काठाला चिनी मातीचा पांढरा टिपका बसवून चकती त्यात ठेवलेली. शिवाय भांडं तापलं की एक बाजू गरम आणि एक थंड, एवढ्या फरकावरही तिच्यात वीज तयार होते. मग ती आणखी खणखणीत बोलते, की मी इथे आहे आणि इतकी तापलेय.

दोन हजार एक्केचाळीस साली कायदा झाला. धातूचा तुकडा न् तुकडा शेवटी मोडीत परत आला पाहिजे, वाया जाता कामा नये, म्हणून टिपक्याशिवाय भांडं विकायचं नाही. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल कुणी काही म्हणू नये.

पहिल्यांदा लोक बिथरले. "आमच्या घरात काय शिजतं ते उभ्या जगाला कशाला?" एका मास्तरांनी तर पान्यानं टिपका फोडला आणि वॉरंटी गेली म्हणून आठवडाभर दुकानात भांडत बसले. मग कंपन्यांनी सूट दिली आणि बोंब थांबली. मग कुणाची तरी पंगतीत हरवलेली कळशी फोनवर सापडली, आणि लोक ठावकणाच्या प्रेमातच पडले. वर्षभरात अशी गत झाली, की टिपका नसलेलं भांडं आहेरात आलं तर लोक नाकं मुरडायला लागले. माणसाचं असंच असतं. आधी नको नको म्हणायचं आणि मग त्याच्यावाचून घास उतरत नाही.

रंगाकाकांना मात्र जुनी पद्धत आठवायची. पूर्वी लग्न पार पडलं की बायका हातात वाट्या-पेले घेऊन "अगंबाई, ही तुमची का हो?" करत चार घरं फिरायच्या. चार घरी चार वेळा चहा. वाटीच्या निमित्तानं कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, सगळं कळायचं. वाटी बिचारी काही बोलत नसे, म्हणून माणसांना बोलावं लागे.

आता दुकानात काकांचं काम एवढंच, की विकलेल्या भांड्याचा नंबर फोनवर टाकायचा आणि नावाचा रकाना भरायचा. नाव ज्याचं, त्याला ते भांडं फोनवर दिसणार. आणि इथेच घोळ झाला. पस्तीस वर्षांची सवय! रकान्यात नाव घाला म्हटल्यावर काकांनी सरळ देणाऱ्याचं नाव घातलं. सगळ्या आहेरांवर. सहा महिने.

व्हायचं तेच झालं. तुळजापूर रोडच्या एका आत्याबाईंनी भाच्याच्या लग्नात तांब्याचा हंडा दिला होता. हंडा त्यांच्या फोनवर आधी वैरागला गेला, तिथून कुर्डुवाडीला, तिथून माढ्याला, आणि शेवटी कागदात गुंडाळून त्यांच्याच धाकट्या जावेच्या वास्तुशांतीला बार्शीत परत. आहेर फिरवणं काही नवीन नाही, सगळेच फिरवतात. पण फिरताना कुणी बघत नव्हतं, तोवर ठीक होतं. आत्याबाई दुकानात येऊन अशा काही कडाडल्या, की समोरचा चहावाला पळी हातात घेऊन धावत आला.

"अहो रंगाकाका," दोशी शेठनं कपाळाला हात लावला, "मालकाचं नाव टाकायचं! देणाऱ्याचं कशाला? लोक एकमेकांच्या स्वयंपाकघरात डोकवायला लागलेत!"

"शेठ, चूक झाली. वडिलांची शिकवण, दुसरं काय."

"तुमचे वडील देवमाणूस होते, पण आता माझं गिऱ्हाईक जातंय. सगळी नावं बदला."

काका महिनाभर फोन करत बसले, माफी मागत बसले. तीनशे चौदा घरची नावं बदलली. एका घरची तेवढी बदलली नाहीत.

ते घर त्यांच्या ईश्वरीचं.

ईश्वरी एकुलती एक. तिच्या लग्नाआधी दोन वर्षं तिची आई, सुनंदा, गेली. त्यामुळे पोरीचा संसार काकांनी एकट्यानं जमवला, आणि भांडी स्वतः निवडली. कुकर, कढई, दोन पातेली, परात, डबा, ताटं... एकूण अकरा नग. प्रत्येकावर जुनं पेन चालवून आपल्या हातानं कोरलं, 'चि. ईश्वरी हिस, बाबांकडून.' आणि फोनवर नाव अर्थातच बाबांचं. ईश्वरी तन्मयबरोबर नाशिकला गेली. तिथे द्राक्षांवरची औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. काका बार्शीत, हातात फोन.

चूक आहे, हे त्यांना कळत होतं. तीनशे चौदा घरांची माफी मागितलेला माणूस तो. पण सकाळी पावणेआठला फोनवर 'कुकर तापला' असं आलं, की रिकाम्या घरात त्यांना कुणीतरी उठल्यासारखं वाटे. लावला वाटतं भात पोरीनं! मग तेही उठून आपला कुकर लावत. पुढे पुढे गुरुवारी मोठं पातेलंही तापायला लागलं. ईश्वरीला लहानपणापासून खिरीचं वेड, तेव्हा ही खीरच, दुसरं काय असणार? काकाही गुरुवारी खीर करायला लागले. एकट्यासाठी, वेलदोडा घालून. खाताना म्हणत, घे गं ईशू, आणि स्वतःशीच हसत.

दर रविवारी तिचा फोन यायचा. पूर्वी तो अर्धा तास चालायचा, आता पाच मिनिटांत आटपायचा. "जेवलीस का?" हे विचारायचं काकांनी कधीच सोडलं होतं, कारण ते त्यांना दिसत होतं. जावयाची चौकशी करायचीही त्यांना सवय नव्हती. असल्या चौकशांचं खातं सुनंदाचं असायचं.

कार्तिकात एका संध्याकाळी अकराही भांडी गंगापूर रोडवरून निघून सातपूरला गेलेली त्यांनी फोनवर पाहिली. दुसऱ्या दिवशी ईश्वरीचा फोन आला. रविवार नव्हता.

"बाबा, मी घर बदललंय."

"माहीत आहे मला," काका ऐटीत म्हणाले. "बरं केलंस."



"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे. तू काही काळजी करू नकोस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीय का?" काकांनी विचारलं. "हो, थोडी," ती म्हणाली. काकांनी सुंठेचा काढा सांगितला आणि फोन ठेवला. पत्ता विचारायचं काही कारणच नव्हतं, पत्ता त्यांच्या हातात होता.

मग द्राक्षांचा हंगाम आला. ईश्वरीला रजा नव्हती, ती संक्रांतीला आली नाही की पाडव्याला. काकांना त्याचं फार वाटलं नाही. कुकर वेळेवर तापत होता.

आषाढात तो तापेनासा झाला. एक दिवस गेला, दोन गेले. कढई थंड, पातेली थंड, डबा जागचा हलेना. सहा दिवस! मधे रविवार आला. "ठीक आहे बाबा, जरा घाईत आहे," एवढं बोलून ईश्वरीनं फोन ठेवला. घाईत असलेलं माणूस सहा दिवस जेवत नाही होय?  शनिवारी पहाटे त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत टाकला आणि नाशिकची एसटी धरली.

दुपारी सातपूरच्या कामगार वसाहतीत, फोन दाखवील तसे जिने चढत, ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारापाशी पोचले. दार उघडलं ते एका तिशी-पस्तिशीच्या बाईनं. पदर खोचलेला, हाताला पीठ.

"ईश्वरी आहे का?"

"ईश्वरीताई? त्या इथं कुठं राहतात? तुम्ही कोण?"

"मी तिचा बाबा. बार्शीहून आलोय."

बाईचा चेहरा एकदम उजळला. "बार्शीचे बाबा? अहो या, या की आत! तुमचं अक्षर तर मी रोज वाचते." आणि खरंच, आत ओट्यावर कुकर होता, भिंतीला परात टेकवलेली होती, फळीवर ताटं होती. अकराच्या अकरा नग, घासूनपुसून लख्ख.  रंगाकाका दारातल्या खुर्चीवर बसले.

बाईचं नाव वैजयंता पगारे. ईश्वरीच्या प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये ती स्वयंपाक करायची. "आमचं घर सासरहून वेगळं झालं तेव्हा माझ्याकडे एक भांडं नव्हतं हो. ताई तेव्हाच होस्टेलवर राहायला गेल्या, तिथं गॅस लावू देत नाहीत. म्हणाल्या, वैजयंताताई, माझं बस्तान बसेपर्यंत वापरा. आठ महिने झाले की."

"होस्टेलवर? आणि जावई?"

वैजयंतानं पदरानं हात पुसले. "ते मी नाही सांगणार, बाबा. ते त्यांनाच विचारा."

काकांनी चटणीची पिशवी पायाशी ठेवली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सहा दिवस कुकर तापला नाही, म्हणून मी धावत आलो."

"सासूबाईंना सिव्हिलमध्ये ठेवलं होतं. आम्ही दोघंही तिथंच होतो, काल रात्री उशिरा आलो परत." ती थांबली. "पण कुकर तापला नाही, ते तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी फोन पुढे केला. लपवण्यात आता काय अर्थ होता? वैजयंतानं बोटानं वर सरकवत सरकवत वाचलं. आजचं, कालचं, गेल्या महिन्याचं, पार कार्तिकापर्यंतचं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"म्हणजे आमच्या घरी चूल कधी पेटते, कधी नाही, ते तुम्ही बार्शीत बसून बघत होता?"

"मला वाटलं, माझी लेक आहे."

"लेक असती तरी काय झालं?"

काकांनी ओट्याकडे पाहिलं. "ते मोठं पातेलं," त्यांनी चाचरत विचारलं, "गुरुवारचं. खीर ना?"

"खीर?" तिला रागातही हसू फुटलं. "आंघोळीचं पाणी हो ते! गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, गिझर बंद. खीर कुठली आणताय!"

आठ महिने. आठ महिने प्रत्येक गुरुवारी वेलदोडा घालून! रंगाकाकांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

"हे आत्ताच्या आत्ता माझ्या नावावर करा," वैजयंता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्याला नाही म्हणता आलं नसतं. "ताईंनी मला भांडी वापरायला दिलीत. तुम्हाला बघायला नाही दिली. ताई मागतील तेव्हा त्यांच्या नावावर करून देईन."

ती एकेक भांडं आणून समोर ठेवत गेली. काका टिपक्यापाशी फोन नेत, तिचं नाव घालत, आणि यादीतून एक ओळ पुसली जाई. कढई गेली. परात गेली. डबा गेला. ताटांच्या वेळी त्यांना आठवलं, की ही कोरताना 'ईश्वरी'तला 'श्व' नीट साधला नव्हता आणि सुनंदा असती तर तिनं बरोबर बोट ठेवलं असतं. शेवटी कुकर. मग फोनवर काहीच उरलं नाही. वैजयंतानं त्यांना पाणी दिलं आणि होस्टेलचा पत्ता कागदावर लिहून दिला. चटणी मात्र तिनं घेतली नाही. "ती ताईंना द्या, त्यांना आवडते," म्हणाली. हेही तिला माहीत होतं.

होस्टेलच्या फाटकाजवळ भेटीची खोली होती. प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि एक पंखा. ईश्वरी आली आणि दारातच थबकली. तिनं केस कापले होते, पार मानेपर्यंत. गालफडं वर आली होती. काकांच्या मनात आलं, हिचे केस केव्हापासून असे आहेत? मला काहीच कसं माहीत नाही?

"आज आलात?" ती म्हणाली. "इतक्या महिन्यांनी?"

"ईशू, मला आत्ता कळलं. दोन तासांपूर्वी."

"खोटं नका बोलू, बाबा." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "मी तन्मयचं घर सोडलं, दुसऱ्याच दिवशी तुम्हाला फोन केला. कसं सांगू, म्हणून रात्रभर वाक्यं जुळवत होते. नुसतं घर बदललंय म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, माहीत आहे, बरं केलंस. मला वाटलं, तन्मयच्या घरच्यांनी कळवलं असेल. किती रडले मी! म्हटलं, सगळं जग उलटलं तरी बाबा माझ्या बाजूनं आहेत. मग दर रविवारी वाट बघितली, की आज विचारतील. काय झालं, कुठं राहतेस, पोटाला काय खातेस. तुम्ही कधीच नाही विचारलंत. मग मीच समजले. बरं केलंस हे नुसतं तोंडदेखलं, आतून बाबा रागावलेत. घाईत आहे म्हणून फोन ठेवायला लागले."

रंगाकाकांनी मग सांगून टाकलं. रकान्यातलं नाव, पावणेआठचा कुकर, सातपूर, गुरुवारची खीर, सगळं. 

ईश्वरी ऐकत होती. आधी तिचे ओठ घट्ट मिटले. "माझ्या भांड्यांतून माझ्यावर नजर ठेवलीत? मला न सांगता?" मग ती विषण्ण हसली. "आणि दिसत कोण होती? वैजयंताताई! तिच्या आंघोळीच्या पाण्यावर तुम्ही समाधानी होतात, आणि मी इथं रोज मेसची पातळ आमटी ओरपतेय."

"चुकलो गं."

"आई असती तर पहिल्या हॅलोला ओळखलं असतं तिनं."

"ओळखलं असतं," काका म्हणाले. "ती विचारायची ना. दहा वेळा विचारायची, आपण वैतागायचो, तरी विचारायची. मला वाटलं, आता विचारायची गरजच नाही. मला तुझी आठवण यायची, ईशू, इतकी यायची की घर खायला उठायचं. आणि मी तुला फोन करायचा सोडून फोनकडे बघत बसायचो."

 पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी फाटक लोटलं, चप्पल वाजवत कुणी जिना चढून गेलं. काकांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"मला काही माहीत नाही," ते म्हणाले. "एक अक्षर माहीत नाही. तू सांगशील तेवढंच मला कळणार आहे. कशी आहेस?"

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागातच पाहिलं. मग तो राग सावकाश कमी होत गेला आणि त्याच्या मागची दमलेली पोर दिसायला लागली.

"बरी नाहीये मी, बाबा," ती म्हणाली. "सांगायला लागले तर खूप वेळ लागेल."

"लागू दे."

"मधे बोलायचं नाही. माहीत आहे म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

ईश्वरीनं डोळे पुसले. "लग्नानंतरचा दुसरा महिना होता. मंगळवार. मी सकाळी नेहमीसारखा कुकर लावला आणि गॅलरीत जाऊन बसले. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायला उठायला हवं होतं. पण आत तन्मय होता, आणि आत जायचीच भीती वाटायला लागली मला..."

रंगाकाका तो मंगळवार आठवायचा प्रयत्न करत राहिले. त्यांना काही आठवेना. त्या सकाळी ते बार्शीत आनंदात जेवले असणार.